अकरा मिनिटांचं कारण

बायको गेल्यावर खुशालराव बोडखे पुण्याला आले ते मुलाकडे राहायला, पण राहू लागले मेट्रोत, असं त्यांची सून हर्षा शेजारणीला सांगायची. त्यात तिखटमीठ होतं, पण फार नाही. सकाळी चहा-पोहे झाले की खुशालराव इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवायचे, खिशाला दोन पेनं लावायचे, एक निळं, एक लाल, आणि "ड्युटीवर जाऊन येतो बरं" म्हणून स्वारगेटच्या भुयारात उतरायचे. जेवणाच्या वेळेला वर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी पेनं दोनच. लाल पेन कशाला लागतं, असं मुलानं, शेखरनं, एकदा विचारलं.

"उशिरासाठी," खुशालराव म्हणाले.

त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली. शेवटची चौदा वर्षं अकोटकडच्या एका लहानशा स्टँडावर कंट्रोलर म्हणून. गावाचं नाव नको. तिथली माणसं अजून आठवणीनं लग्नपत्रिका पाठवतात. कंट्रोलर म्हणजे खिडकीत बसून कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, हे रजिस्टरात मांडणारा माणूस. गाडी वेळेवर गेली तर निळ्या पेनानं वेळ. उशिरा गेली तर लाल पेनानं मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण. खुशालरावांचं खरं राज्य त्या शेवटच्या रकान्यात होतं.

कारण खुशालराव गाडी धरायचे, म्हणजे थांबवून ठेवायचे. साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. पहाटे फोन यायचा, "खुशालभाऊ, गाडी धरजा, न्हाऊन येतो," आणि खुशालभाऊ धरायचे. कोणाची लेक सासरी निघालेली, कोणाचा डबा घरी राहिलेला, कोणाचं मांजर पिशवीतून पळालेलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, कंडक्टर दात खायचा, आणि खुशालराव खिडकीतून हात वर करून म्हणायचे, "थांब न बाप्पा, माणूस येऊन राहिला." मग लाल पेनानं कारण: रस्त्यात म्हशी आडव्या. एका उन्हाळ्यात त्या रजिस्टरात म्हशी इतक्या वेळा आडव्या गेल्या की तपासणीला आलेल्या साहेबानं चष्मा वर करून विचारलं, "बोडखे, तुमच्या गावात दूध काय भावानं आहे हो?"

अशी हजारएक कारणं त्यांनी लिहिली असतील. विसरूनही गेले. पण त्यातलं एक सात वर्षं त्यांच्या घशात काट्यासारखं बसलं होतं. ते होतं अकरा मिनिटांचं. ज्याच्या माथी ते मारलं तो देवमन फुलवाला अजून जिवंत होता, रोज शेवंती तोडत होता, आणि स्वतःला दोषी समजत होता. त्याला खरं सांगायचं राहिलं होतं. सांगायचं म्हणून खुशालराव कितीदा उठले आणि कितीदा बसले, ते त्यांनाच माहीत. पुण्याला आल्यावर वाटलं, सुटलो. कुठे सुटतात?

मेट्रोत त्यांचा जीव रमण्याचं कारण साधं होतं. जन्मभर ज्या गोष्टीशी झटापट केली, ती गोष्ट इथे आपली आपण चालली होती.

पहिल्या दिवशी ते फाटकावरच अडकले. समोरच्या पोरानं कार्ड टेकवलं, झडपा उघडल्या, आणि खुशालराव गावच्या सवयीनं त्याच्या पाठोपाठ घुसले. झडप मांडीवर आपटली. सुरक्षेची बाई म्हणाली, "काका, एका कार्डावर एकच." खुशालराव म्हणाले, "मले वाटलं तो धरून ठेवीन." बॅग पट्ट्यावरून आत गेली आणि त्यातल्या ठेच्याच्या डबीनं पडद्यावर काय रूप घेतलं कोण जाणे, उघडून दाखवावी लागली. पहारेकऱ्यानं वास घेतला आणि डबी भराभर बंद केली.

मग आठवडाभर त्यांनी फलाटावर बसून तपासणी केली. पाटीवर लिहिलेलं असे, पुढील गाडी चार मिनिटं. खुशालराव मनगटाकडे बघत. चार म्हणजे चार. तीन म्हणजे तीन. एकदा त्यांना वाटलं, सापडली, अर्ध्या मिनिटाची चूक सापडली. घरी येऊन शेखरच्या मोबाइलशी घड्याळ लावून बघितलं तर त्यांचंच मागे होतं. त्या दिवसापासून घड्याळ कपाटात गेलं.

गाडी यायच्या आधी बोगद्यातून वारा यायचा, गार, लोखंडाच्या वासाचा, आणि फलाटावरच्या बायकांचे पदर एकाच दिशेला उडायचे. दारं उघडायची, एक बाई गोड आवाजात तीन भाषांत स्टेशनाचं नाव सांगायची, पिंपिं वाजायचं, दारं मिटायची. वीस-पंचवीस सेकंद. आमदार असो की उमेदवार, सगळ्यांना तेवढीच. शेवटच्या स्टेशनावर गाडी उलटी निघायची तर चालवणारा पुढून उतरून मागे जात बसत नसे. दुसरा आधीच त्या टोकाला बॅग घेऊन उभा असायचा. हे बघून खुशालरावांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या स्टँडावर ड्रायव्हर चहाला गेला की त्याला शोधायला कंडक्टर जायचा, आणि कंडक्टरला शोधायला हमाल.

माणसंही त्यांनी वेळेवार लावून ठेवली होती. साडेनऊला कॉलेज, कानात बोंडं घातलेलं. साडेदहाला ऑफिस, गळ्यात पट्टे. अकरानंतर कसब्याच्या आज्या, गुडघे धरत सरकत्या जिन्यासमोर उभ्या, पहिली पायरी कोणती पकडावी या विचारात. मंडईला पिशव्या चढायच्या, कोथिंबीर बाहेर डोकावणारी, आणि मग डब्याला जरा माणसांचा वास यायचा. एक गोष्ट मात्र त्यांना कधी समजली नाही. सात मिनिटांनी दुसरी गाडी आहे हे ठाऊक असूनही लोक जिन्यावरून पळायचे. आणि बोलायचं कोणी कोणाशी नाही. एकदा शेजारच्याला त्यांनी विचारलं, "कोणतं गाव म्हणाव?" त्यानं कानातलं एक बोंड काढलं, "सॉरी?" म्हणाला, आणि परत घातलं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मंडई स्टेशनला गाडी उभी होती, खुशालराव दाराशीच. जिन्यावरून एक म्हातारी उतरत होती, दोन्ही हातांत झेंडूच्या पिशव्या, पाय उचलला जात नव्हता. पिंपिं वाजलं. आणि चौदा वर्षांची सवय खुशालरावांच्या पायात उतरली. त्यांनी चप्पल सरळ दारात घातली आणि भुयार दणाणून जाईल असं ओरडले, "थांब न बाप्पा! बाई येऊन राहिली!"

दार पायाला लागलं, मागे गेलं, पुन्हा मिटायला आलं, पुन्हा मागे गेलं. सगळा डबा त्यांच्याकडे बघू लागला. कानातली बोंडंसुद्धा निघाली. म्हातारी आत आली, "आई अंबाबाई तुमचं भलं करो" म्हणाली. खुशालराव असे फुलले की बस. आयुष्यात म्हशींच्या नावावर गाड्या धरूनही इतका आनंद झाला नव्हता. त्यांनी मेट्रो धरली होती.

स्वारगेटला उतरले तर फलाटावर सुरक्षेचा माणूस उभा, आणि त्याच्या शेजारी गाडी चालवणारी पोरगी, नुकतीच ड्युटी संपवून बॅग खांद्याला लावलेली. पंचवीस-सव्वीसची असेल.

"काका, मंडईला दारात पाय तुम्हीच घातलात ना?"

"कोणं सांगतलं?"

पोरीनं वर बोट केलं. छतावर कॅमेरा होता. खुशालरावांनी कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावली, ओळखीच्या माणसाला करावी तशी.

"बाई राहून गेली असती न, मॅडम."

"सात मिनिटं राहिली असती. पाय गेला असता तर?" ती रागावली नव्हती, दमलेली होती. "दंड होतो याला. या वेळी सोडतोय."

"तुमाले बोलणी बसतीन का माह्यामुळे?"

"कळवावं लागलं कंट्रोलला. सोळा सेकंद."

सोळा सेकंद! खुशालरावांना हसू येणार होतं, पण त्यांच्यातला कंट्रोलर जागा झाला. त्यांनी हळूच विचारलं, "मंग कारण काय लावलं?"

"लावायचं काय त्यात?" पोरगी म्हणाली. "दारात प्रवासी. जे झालं तेच."

जे झालं तेच. मग खुशालरावांनी उगाच, तोंडाला आलं म्हणून विचारलं, "तुमच्या वडलांनं येऊ देल्लं तुमाले या नोकरीत?"

"परीक्षेला सोडायला तेच आले होते. आदल्या रात्रीच येऊन धर्मशाळेत राहिलो आम्ही." ती पहिल्यांदा हसली. "त्यांना भीती, गाडी चुकली तर?"

त्या दिवशी खुशालराव दुपारी जेवले नाहीत. हर्षानं विचारलं, "बाबा, बरं नाही का?" ते म्हणाले, "तिकीट काढून दे मले अकोल्याचं."

आता ती अकरा मिनिटं.

देवमनची मुलगी मैना हुशार. अमरावतीला राजापेठेत तीन पोरींत एक खोली करून तिनं डिप्लोमा केला, आणि एका मोठ्या शहराच्या मेट्रोत गाडी चालवायच्या जागेसाठी अर्ज टाकला. लेखी परीक्षेत पास झाली. शेवटची तपासणी राहिली, डोळ्यांची, मनाची, कशाकशाची, आणि ती नागपूरला होती. बाराच्या आत हजर व्हायचं, नंतर आलेल्याला आत घेत नाहीत. मैना म्हणाली, आदल्या दिवशी जाऊ. देवमन म्हणाला, परक्या गावात पोरीले घेऊन कुठं झोपू? पहाटेच्या साडेपाचच्या एसटीनं अकोला, तिथून आगगाडी, बाराच्या आत नागपूर. फुलंही त्याच एसटीनं अकोल्याच्या बाजारात जातील. एका फेरीत दोन कामं.

त्या पहाटे साडेपाचची गाडी लागली. मैना खिडकीत बसली, मांडीवर कागदांची फाइल. देवमन टपावर करंड्या बांधायला चढला. रोज तो आधी येऊन बांधून मोकळा व्हायचा. त्या दिवशी पोरीच्या गडबडीत साडेपाचच्या वर तीन मिनिटं लागली असती. तीन मिनिटं खुशालराव कोणालाही द्यायचे.

तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. मोरोपंत गुरुजी. अकोल्याला लग्न लावायला निघाले होते. साऱ्या तालुक्याला मुहूर्त काढून देणारा हा माणूस स्वतः कधी वेळेवर घराबाहेर पडला नाही, हे त्यांच्या बायकोनं, गोदावरीबाईंनी, भर हळदीकुंकवात सांगितलेलं होतं. "खुशालराव, गाडी धरा, सोवळं पिशवीत घालतोय," एवढं बोलून गुरुजींनी फोन ठेवला. शेखरच्या लग्नाचा मुहूर्त त्यांनीच काढला होता, दक्षिणाही घेतली नव्हती. नाही कसं म्हणणार?

पण ड्रायव्हर नवा होता, तोंडाळ. त्याला काय सांगायचं? खुशालरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि वर बघून हाक दिली, "देवमन, सावकाश बांध गा! रस्ता खराब हाय. अजून एक गाठ मार."

देवमननं अजून एक गाठ मारली. मग जाळी ओढून घेतली. मग जाळीलाही गाठ मारली. ड्रायव्हरला वाटलं, गाडी फुलांसाठी उभी आहे. मैनेलाही तेच वाटलं, ती खिडकीतून अर्धी बाहेर येऊन वर ओरडत होती, "बाबा, उतरा न! बाबा, टाइम होऊन राहिला!" तिच्या पाठीमागून गुरुजी केव्हा चढले, तिला दिसलंही नाही. ते चढले तसे खुशालराव ओरडले, "झालं का देवमन? चाल, उतर." पाच एक्केचाळीस.

रजिस्टरात लाल पेनानं: ११ मि. फुलांच्या करंड्या चढवण्यास विलंब.

अकोल्याला ऑटोवाल्यानं जीव तोडून ऑटो पळवली. फलाटावर पोचले तेव्हा आगगाडी जाऊन चार मिनिटं झाली होती. हमालानं सांगितलं, मैनेनं घड्याळात बघून खात्री केली. चार.

संध्याकाळी देवमन एकटाच खिडकीशी आला. डोळे लाल. "सायेब," म्हणाला, "आपली गाडी किती लेट निघाली व्हती?" खुशालरावांनी रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे केलं. हे ते करायला नको होतं. नुसतं "पाहतो" म्हणाले असते तरी चाललं असतं. देवमननं बोट ठेवून वाचलं, दोनदा वाचलं, आणि "बरोबर हाय" म्हणून निघून गेला.

नोकरी गेली ती गेली. मैना बापाशी भांडली नाही, हेच वाईट झालं. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, अकोल्यात दिली. फुलवाल्याच्या पोरीचं लग्न, आणि वधूवरांचे हार आले अकोल्याच्या दुकानातून. नवरीचाच हट्ट. मांडवाच्या मागे देवमनच्या शेवंतीच्या दोन करंड्या ओल्या फडक्याखाली तशाच राहिल्या. गावानं महिनाभर तोंडात बोटं घातली. खुशालराव त्या लग्नात बुंदी वाढत होते, आणि त्यांना सगळं ठाऊक होतं.

पुण्याहून अकोल्याला उतरून खुशालराव एसटीनं गावात आले आणि थेट देवमनच्या मळ्यात गेले. सकाळचे दहा. देवमन शेवंतीत वाकलेला, कमरेला धोतराचा ओचा, ओच्यात फुलं.

"या या कंट्रोलरसायेब! पुण्याचे झाले म्हणे तुमी. जमिनीखालून गाडीत फिरता म्हणे."

"देवमन, तुले एक सांगाचं हाय."

"सांगा न."

"बस आधी."

"ऊन चढून राहिलं, फुलं राह्यली तोडाची. उभ्यानंच सांगा. कान मोकळे हायेत माहे."

खुशालरावांनी सांगितलं. गाडीत पाठ केलं होतं ते सगळं विसरले आणि मोडकंतोडकं सांगितलं. गुरुजींचा फोन, सोवळं, नवा ड्रायव्हर, गाठ, रजिस्टर. देवमनचे हात आधी चालत होते, मग हळू झाले, मग थांबले.

"म्हंजे गाडी माह्या फुलासाठी नव्हती उभी?"

"तीन मिनिटं व्हती. तेवढी मी कोणासाठीबी धरत व्हतो. बाकी आठ मोरोपंतासाठी. माही."

"आठ." देवमननं ओच्यातली फुलं करंडीत ओतली आणि बांधावर बसला. "अन् रेल्वे चुकली चार मिनिटानं."

"हो. तुह्या तीन मिनिटानं काई नसतं झालं. माह्यामुळे झालं. सात वर्षं सांगतो सांगतो म्हणत राह्यलो. मले मार तू, पण माफ कर."

देवमन हातावरचा हिरवा चीक नखानं काढत बसला. खुशालराव वाट बघत होते. शिव्या येतील, रडू येईल, दोन्हींची तयारी होती.

"सायेब, तीस वर्षं झाली करंड्या बांधून राहिलो मी," देवमन म्हणाला. "तीन गाठीत काम होते. तुमी म्हणाले चौथी मार. मी काहून मारली?"

"मी म्हणालो म्हणून."

"नाई गा." त्यानं मान हलवली. "पोरगी खालून बोंबलून राहिली, बाबा उतरा, बाबा उतरा. मले ऐकू येत नव्हतं का? मले वाटे, चुकली तं बरं. एकटी पोरगी, मोठं शहर, जमिनीखाली गाडी चालवीन. तिची माय असती तं गोष्ट येगळी व्हती. म्हणून मी जाळीलेबी गाठ मारली. तिले तं तुमी नव्हतं न सांगतलं?"

जाळीचं खुशालरावांनी खरंच सांगितलं नव्हतं.

"फलाटावर तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं," देवमन म्हणाला. "त्यात तिले काय दिसलं असन, देव जाणे. रजिस्टरात तुमी लिहेलं मी वाचलं, अन् म्हटलं, बरोबर हाय. मले बरोबरच वाटलं ते."

खुशालराव म्हणाले, "तरीबी तिले सांगा लागते, देवमन. माहं मी सांगतो."

"मंग माहंबी मले सांगा लागन," देवमन म्हणाला, आणि उठून पुन्हा फुलांत वाकला.

दुसऱ्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. वाटेत देवमननं दोनदा विचारलं, "जमिनीखाली अंधार असते का?" खुशालरावांनी दोनदा सांगितलं, "नाई, चकचकीत उजेड असते." एवढंच.

मैना एका कोचिंग क्लासच्या माडीवर बसायची. भरतीचे फॉर्म भरून द्यायचं काम. पोरं आधार कार्ड घेऊन रांगेत उभी, मैना कॉम्प्युटरवर त्यांची नावं, जन्मतारखा टाकत होती. बापाला बघून ती थोडी दचकली, मागे खुशालरावांना बघून जास्त.

"काका तुमी? बसा. बाबा, तुमी काहून आले? तब्येत?"

"तब्येत बरी हाय," देवमन म्हणाला आणि उभाच राहिला.

खुशालराव बसले नाहीत. रांगेतल्या पोरांसमोरच त्यांनी सांगायला सुरुवात केली, कारण आता थांबलो तर पुन्हा सात वर्षं जातील हे त्यांना कळत होतं. मोरोपंतांचा फोन आला तिथपर्यंत मैनेची बोटं कळफलकावर होती. गाठीपर्यंत आले तेव्हा तिनं हात मांडीवर घेतले.

"आपली गाडी मोरोपंतासाठी उभी व्हती?"

"हो."

"किती मिनिटं?"

खुशालरावांनी देवमनकडे बघितलं. देवमनचे ओठ हलले. बोलणार होता बहुतेक. ओठ कोरडे होते, त्यानं ते जिभेनं ओले केले, आणि भिंतीवरच्या फळ्याकडे बघू लागला. पाच, दहा, पंधरा सेकंद गेले. खुशालरावांना आता सेकंद कळायचे.

"अकरा," खुशालराव म्हणाले. "सगळे अकरा माहे. तुह्या बापाच्या करंड्या टायमावर बांधून झाल्या व्हत्या. मीच त्याले वर अडकून ठेवलं. गाठीवर गाठी माराले मीच सांगतलं."

देवमननं डोळे मिटले.

"मॅडम, माझी जन्मतारीख चुकली," रांगेतली पुढची मुलगी म्हणाली. मैनेनं ती दुरुस्त केली. कागद छापून आला, तो तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "मंग आता काय करू मी, काका? पळत जाऊन गाडी धरू?"

तिनं कळफलक बाजूला सारला.

"तिथं तिघी पोरी घेतल्या व्हत्या आपल्या भागातल्या. एकीचा फोटो येते अजून मोबाइलवर. डिरेस घालून, गाडीच्या काचापाशी." तिचा आवाज चढला नाही. ती वळली. "अन् बाबा, तुमी एवढे वर्षं काहून बोलले नाई? माह्या लग्नात फडक्याखाली फुलं झाकून उभे राह्यले. म्हणाचं होतं एकदा, की माही चूक नाई."

"काय म्हणू," देवमन म्हणाला.

मैना उठली, कोपऱ्यातल्या माठातून एक पेला पाणी घेतलं आणि बापाच्या हातात दिलं. एकच पेला. मग खुर्ची ओढून दिली. देवमन बसला. पिताना पाणी धोतरावर सांडलं, आणि मैनेनं आपल्या ओढणीनं ते टिपलं. लोकांना वाटलं असेल, बाप-लेकीचं काय प्रेम आहे.

"काका, तुमी जा आता," ती म्हणाली.

"मैना, मी..."

"जा म्हणते न मी."

देवमननं पेल्यातून डोकं वर न काढता म्हटलं, "तुमी व्हा समोर, सायेब. मी येतो मागून."

खुशालराव जिना उतरले. खालच्या पायरीवर पोचले तेव्हा वरून मैनेचा आवाज आला, "जेवले का बाबा? डबा हाय माह्याजवळ." देवमन काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. खुशालराव ते ऐकायला थांबले होते, थोडा वेळ. त्यांना हवं ते झालं होतं, सात वर्षं जे हवं होतं तेच. तरी जिवाला गोड वाटेना. मैनेला अजूनही जे झालं तेच कळलेलं नव्हतं, आणि आता ते तिला कोणीच सांगणार नव्हतं. देवमन सांगेल? त्याच्या हातात तो पेला बघितल्यावर खुशालराव पैज लावायला तयार नव्हते.

समोर ऑटोंची रांग होती, मोटारसायकली होत्या, चहाची टपरी होती. गावाला जाणाऱ्या एसटीला पंधरा मिनिटं होती. खुशालराव जिन्याखालीच उभे राहिले. पंधरा मिनिटं गेली, गाडीही गेली असेल. पाऊण तास झाला. वरून फॉर्म भरून एकेक पोरगा उतरत होता, पोरी उतरत होत्या, देवमन उतरत नव्हता. मग टपरीवाला म्हणाला, "कोनाची वाट पाहून राहिले बाबा?"

"कोनाचीच नाई," खुशालराव म्हणाले, आणि स्टँडाच्या दिशेनं एकटेच चालू लागले.